डाउनफोर्स (अधोबल)

डाउनफोर्स : धावत्या रेसिंग कारला जमिनीकडे दाबणारे, हवेच्या प्रवाहातून निर्माण होणारे बल. मराठीत त्याला अधोबल म्हणता येते, पण गॅरेजात आणि वर्गात सगळे डाउनफोर्सच म्हणतात. ते मिळवण्यासाठी गाडीच्या पुढे आणि मागे जे आडवे पंख बसवतात, त्या विंग. नागपुरात कुणी विचारले तर सोनेगावला उतरणाऱ्या विमानाकडे बोट दाखवावे : तोच पंख, फक्त पालथा घातलेला.

विमानाच्या पंखाची फुगीर बाजू वर असते, रेसिंग विंगची खाली. पंखाच्या पोटाखालून हवा वेगाने जाते, तिथला दाब घटतो, पाठीवरचा दाब त्यामानाने जास्त राहतो आणि पंख खाली खेचला जातो. याच घटनेचा दुसरा हिशेब असा की, पंख मागे जाणाऱ्या हवेला वर वळवतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा पंखाला खाली ढकलते. दोन्ही हिशेबांचे उत्तर एकच येते. ‘वरची आणि खालची हवा मागच्या टोकाला एकाच वेळी पोचली पाहिजे, म्हणून लांब वाटेची हवा जोरात पळते’ हे शिकवणी वर्गांत अजूनही चालणारे स्पष्टीकरण मात्र चूक आहे. हवेवर तशी कसलीच सक्ती नसते. वारा पाठीवर आदळतो म्हणून गाडी दबते, हाही अर्धवट समज. पाठीवरचा दाब वाढतो खरा, पण मोठा वाटा पोटाखालच्या घटलेल्या दाबाचा. म्हणूनच काही गाड्यांत विंगचे आधार हंसाच्या मानेसारखे वरून वळवून आणतात. पोटाखालचा प्रवाह मोकळा राहतो.

वळणावर गाडीला धरून ठेवते ती टायरची पकड, आणि ही पकड टायरवरच्या भाराबरोबर वाढते. डिकीत सिमेंटची पोती टाकूनही भार वाढेल, पण मग ती पोतीही गाडीबरोबर वळवावी लागतील. डाउनफोर्स भार देतो, वस्तुमान वाढवत नाही. सगळी मेख यातच आहे.

हे बल हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचे क्षेत्रफळ आणि त्याच्या आकारावर व कोनावर ठरणारा एक गुणांक यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. समृद्धी महामार्गावरची मोटारींची कमाल मर्यादा ताशी १२० किमी धरू. ०.४ चौरस मीटरची विंग आणि गुणांक १ घेतला, तर मे महिन्यातल्या दुपारी सुमारे २४ किलो वजनाइतका दाब मिळतो. ताशी ६० ला तो जेमतेम ६ किलो, ताशी २४० ला ९६ च्या घरात. वर्धा रोडवर सिग्नल ते सिग्नल धावणाऱ्या हॅचबॅकच्या मागे लावलेली विंग ही त्यामुळे शोभेचीच वस्तू. शिवाय अशा गाड्यांना ताकद बहुधा पुढच्या चाकांतून मिळते, आणि मागच्या चाकांच्याही मागे बसलेली विंग पुढची चाके किंचित हलकीच करते.

मे महिन्याचा उल्लेख उगाच केलेला नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवरच्या नागपुरात पारा ४५ अंशांवर गेला की एका घनमीटर हवेचे वजन साधारण १.०६ किलो भरते. जानेवारीतल्या १० अंशांच्या पहाटे तेच १.२ किलोच्या आसपास असते. म्हणजे तीच विंग, तोच वेग, तरी उन्हाळ्यात दाब दहा-बारा टक्क्यांनी कमी. मेक्सिको सिटीचा ट्रॅक २,२०० मीटरहून उंच असल्याने तिथे हा फरक फारच मोठा पडतो. सर्वांत मोठ्या विंग लावूनही डाउनफोर्स बेताचाच मिळतो.

विंगचा कोन वाढवला की बल वाढते, पण एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे पोटाकडची हवा पृष्ठभाग सोडून देते, भोवरे उठतात आणि बल कोसळते. ही हद्द लांबवण्यासाठी विंग दोन-तीन तुकड्यांची, म्हणजे फळ्यांची, करतात. मधल्या फटीतून सुटणारी हवा थकलेल्या प्रवाहाला नवा जोर देते. मागच्या कडेला काटकोनात उभी केलेली बारीक पट्टी, म्हणजे गर्नी फ्लॅप, अमेरिकन रेसिंग ड्रायव्हर डॅन गर्नी यांनी १९७१ मध्ये वापरात आणली. टोकांच्या उभ्या पाट्या वरची हवा खाली झिरपू देत नाहीत. या सगळ्याची किंमत ओढीच्या, म्हणजे गाडीला मागे खेचणाऱ्या हवेच्या विरोधाच्या, रूपाने मोजावी लागते : डाउनफोर्स वाढला की सरळ रस्त्यावरचा वेग घटतो. म्हणून लांब सरळ रस्त्यांच्या मोंझा ट्रॅकला विंग बारीक, वळणावळणाच्या मोनाकोला भरगच्च.

इतिहास थोडक्यात. स्विस अभियंता-ड्रायव्हर मायकेल माय यांनी १९५६ मध्ये पोर्शेवर विंग बसवली, पण आयोजकांनी ती चालू दिली नाही. १९६६ च्या शापराल २ई गाडीने कल्पना रुजवली आणि १९६८ मध्ये फॉर्म्युला वनने ती उचलली. १९६९ च्या स्पॅनिश ग्रांप्रीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटस गाड्यांच्या उंच, काटकुळ्या खांबांवरच्या विंग मोडून अपघात झाले. त्याच महिन्यात उंच विंगांवर बंदी आली. पुढे लोटसनेच गाडीच्या तळाचा पालथ्या पंखासारखा उपयोग करून दाखवला. २०११ ते २०२५ या काळात फॉर्म्युला वनमध्ये ठरावीक टप्प्यांवर मागच्या विंगची फळी उघडून ओढ कमी करण्याची मुभा होती.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांत वेग कमी असतो, म्हणून त्यांच्या गाड्यांवरच्या विंग बेढब वाटाव्या इतक्या मोठ्या दिसतात. वेगाच्या वर्गात गमावलेले ते क्षेत्रफळात आणि गुणांकात भरून काढतात. पवन बोगदा (विंड टनेल) हाताशी नसेल तर तपासणी लोकरीने होते : बोटभर लांबीचे धागे विंगच्या पोटाला ओळीने चिकटवायचे, गाडी पळवायची आणि मोबाइलवर चित्रीकरण करायचे. धागे सरळ मागे लोळत राहिले तर प्रवाह चिकटून आहे. ते जिथे वळवळू लागतात, उलटे फिरतात, तिथे हवा सुटली. मग पाना घेऊन फळीचा कोन एखाद-दोन अंश उतरवायचा आणि पुन्हा फेरी मारायची.