बर्फावर शिकलेली घसरण

इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून असलेल्या दक्षिण टायरॉल प्रांतात डोलोमाइट पर्वतरांगांच्या कुशीत सेस्तो नावाचे छोटे गाव आहे. तिथली बोलीभाषा जर्मन, आणि हिवाळा सुरू झाला की मुलांच्या पायांत स्की. १६ ऑगस्ट २००१ रोजी जन्मलेला टेनिसपटू यानिक सिनर याच गावात वाढला. वडील डोंगरातल्या एका विश्रामगृहात स्वयंपाकी होते आणि आई तिथेच पाहुण्यांना वाढण्याचे काम करीत असे. यानिकने लहान मुलांच्या गटात जायंट स्लॅलम या, उतारावर रोवलेल्या खुणांमधून वळणे घेत जाण्याच्या स्कीइंग प्रकाराचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते आणि बाराव्या वर्षापर्यंत देशातील अव्वल बाल-स्कीपटूंमध्ये त्याची गणना होत होती. टेनिस तो खेळत असे, पण दुय्यम म्हणून. मध्यंतरी तर त्याने ते काही काळ सोडूनही दिले होते.

तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याने स्की बाजूला ठेवली, घर सोडले आणि लिगुरियाच्या किनाऱ्यावरील बोर्दिगेरा येथे प्रशिक्षक रिकार्डो पियाती यांच्या अकादमीत तो दाखल झाला. त्याच्या वयाची इतर मुले तोपर्यंत वर्षानुवर्षे रोज तासन्‌तास टेनिसच खेळत आलेली असतात. असे असूनही फेब्रुवारी २०१९ मध्ये, जागतिक क्रमवारीत पाचशेच्याही बाहेर असलेल्या सतरा वर्षांच्या सिनरने बेर्गामोची चॅलेंजर (मुख्य मालिकेच्या खालच्या दर्जाची) स्पर्धा जिंकली. नोव्हेंबरमध्ये मिलान येथील नेक्स्ट जेन एटीपी फायनल्स या, पुरुष टेनिसपटूंच्या एटीपी संघटनेच्या तरुण खेळाडूंसाठीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने ॲलेक्स डी मिनॉरला हरवले आणि वर्षाअखेरीस तो ७८व्या क्रमांकावर पोहोचला. उशिरा सुरुवात करूनही हा वेग कुठून आला, याचे उत्तर शोधताना मला त्याच्या रॅकेटपेक्षा त्याच्या पायांकडे पाहणे अधिक महत्त्वाचे वाटते.

एकेरीच्या कोर्टाची रुंदी ८.२३ मीटर असते. प्रतिस्पर्ध्याचा जोरदार फटका एका बेसलाइनवरून (कोर्टाच्या मागच्या रेषेवरून) दुसऱ्या बेसलाइनपर्यंत यायला साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्यात खेळाडूला कोपरा गाठायचा असतो, फटका मारायचा असतो आणि लगेच मध्यभागी परतायचे असते. धावण्यापेक्षा थांबणे इथे कठीण असते. पावले टाकत थांबायचे तर चेंडू मारून झाल्यावरही शरीर एक-दोन पावले बाहेर वाहत जाते, आणि ती पावले परत मागे टाकावी लागतात. घसरत थांबणारा खेळाडू मात्र फटका मारता मारताच वेग कमी करतो, म्हणजे त्याची दोन कामे एकाच वेळी उरकतात.

मातीच्या कोर्टवर घसरणे त्या मानाने सोपे असते, कारण वरचा भुकटीचा थर बुटाखाली सरकतो. सिमेंटसारख्या हार्ड कोर्टवर घर्षण बरेच जास्त असते. तिथे पाय सरळ खाली रोवला तर तो जागीच धरला जातो आणि घोटा मुरगळण्याचा धोका असतो. पाय शरीराच्या बराच पुढे, तिरका टेकवला तर जमिनीला समांतर असा जोर घर्षणाच्या मर्यादेपलीकडे जातो आणि बूट घसरू लागतो. हा कोन थोडा जरी चुकला तरी खेळाडू पडतो. सिनर डाव्या कोपऱ्यात बॅकहँडसाठी जातो तेव्हा त्याचा बाहेरचा, म्हणजे डावा पाय सरकत असतो, गुडघा खोल वाकलेला असतो आणि धड मात्र कोर्टाच्या मध्याकडे कललेले असते. जायंट स्लॅलममध्ये वळण घेणाऱ्या स्कीपटूचे चित्र नेमके असेच असते: भार बाहेरच्या पायावर आणि शरीर वळणाच्या आतल्या बाजूला झुकलेले.

दोन्हीकडे मांडीच्या पुढच्या स्नायूंना एकच विशिष्ट काम करावे लागते. ते ताणले जात असतानाच जोर धरून ठेवतात. गड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या प्रामुख्याने उतरल्यामुळे, कारण उतरताना दर पावलाला हेच स्नायू लांबत लांबत शरीराचा भार अडवीत असतात. स्कीपटूचे स्नायू उतारावरच्या प्रत्येक वळणात हे काम करतात. शिवाय अस्थिर पृष्ठभागावर शरीराचा तोल कुठे आहे, हे न पाहता ओळखण्याची मज्जासंस्थेची क्षमताही तिथे घडते. नंतर टेनिससाठी ती पुन्हा शून्यातून घडवावी लागत नाही.

एका खेळाडूच्या उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरे. त्यामुळे क्रीडाशास्त्रज्ञ अर्ने ग्युलिच आणि सहकाऱ्यांनी २०२० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केलेले व्यापक विश्लेषण मला मोलाचे वाटते. सहा हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती एकत्र केल्यावर असे दिसले की जागतिक दर्जाच्या खेळाडूंनी राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंच्या तुलनेत बालपणी इतर खेळ अधिक खेळले होते, मुख्य खेळ उशिरा सुरू केला होता आणि त्यांची सुरुवातीची प्रगती संथ होती. बालवयात चमकणाऱ्यांचे चित्र मात्र याच्या उलट होते. आठव्या वर्षीच मुलाला एकाच खेळाला जुंपणाऱ्या पालकांनी हा फरक अवश्य लक्षात घ्यावा.

सिनरच्या सुरुवातीच्या काळातला मला सर्वांत बोलका वाटणारा सामना त्याने हरलेला आहे. महासाथीमुळे २०२० ची फ्रेंच ओपन शरद ऋतूत झाली. पदार्पणातच उपांत्यपूर्व फेरी गाठलेल्या एकोणीस वर्षांच्या सिनरसमोर राफाएल नदाल होता आणि सामना मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास संपला. थंडीत चेंडूचे रबर कमी उसळते आणि दमट माती त्याला आणखी जड करते, त्यामुळे नदालचा भरपूर टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी) दिलेला फटका एरवीसारखा खांद्यावर चढत नव्हता. चेंडू कमरेच्या उंचीवर येत होता आणि सिनर तो सपाट, जोरकस फटक्यांनी परतवत होता. पहिल्या सेटमध्ये ६-५ अशी आघाडी घेऊन तो सेट जिंकण्यासाठी सर्व्हिस करीत होता. नदालने ती सर्व्हिस भेदली, टायब्रेक घेतला आणि सामना ७-६, ६-४, ६-१ असा जिंकला. पुढच्याच महिन्यात सोफिया येथे सिनरने कारकिर्दीतले पहिले एटीपी विजेतेपद मिळवले.