सामूहिक किबुत्झ आणि नवा किबुत्झ: फरक कुठे शोधायचा?

किबुत्झ म्हणजे मालमत्ता आणि कमाई सामाईक ठेवण्याच्या कल्पनेवर उभी राहिलेली, सदस्यांनी मिळून चालवलेली वसाहत. इस्रायलमध्ये आज असे साधारण २७० किबुत्झ आहेत. २००५च्या सरकारी नियमांनी त्यांचे मुख्य दोन प्रकार ठरवले: शितुफी, म्हणजे सामूहिक, आणि मितखादेश, म्हणजे नव्याने घडी बसवलेला. बाहेरून पाहून दोन्हींतला फरक कळत नाही. सदस्यांची सभा इथेही भरते, तिथेही भरते. फरक कळतो तो पगाराच्या दिवशी.

सामूहिक किबुत्झात सदस्याचा पगार, अगदी बाहेरच्या कंपनीतला मोठा असला तरी, सामाईक खात्यात जमा होतो. घराला ठरावीक रक्कम मिळते, ती माणसं किती आणि गरज काय हे पाहून. इंजिनिअर असो की भोजनगृहात भांडी घासणारा, नियम एकच. नव्या किबुत्झात ज्याची कमाई त्याच्याकडे राहते. जेवणाचे पैसे मोजावे लागतात आणि बऱ्याच ठिकाणी घरही सदस्याच्या नावावर होतं.

तरी नव्या किबुत्झाला खासगी वसाहत समजू नये. जास्त कमावणाऱ्यांकडून तो स्वतःचा कर घेतो आणि कमी कमाईच्या घरांना किमान उत्पन्नाची हमी देतो. ज्यांनी उभं आयुष्य राबून स्वतःच्या नावावर काहीच ठेवलं नाही, त्या म्हाताऱ्यांचं काय झालं? माझ्या मते किबुत्झाची खरी पारख याच प्रश्नावर होते.

मग किबुत्झ नव्या पद्धतीकडे का वळले? नव्या पिढीला समानता नकोशी झाली, असं कारण सर्रास सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. १९८४मध्ये तिथली महागाई ४०० टक्क्यांच्या पुढे गेली होती. १९८५च्या सरकारी योजनेने ती खाली आणली, पण व्याजदर चढेच राहिले आणि किबुत्झ कर्जात बुडाले. ज्यांना बाहेर चांगला पगार मिळू शकत होता, ते आधी निघून गेले. गालील सरोवराकाठचा पहिला किबुत्झ, १९१०चा देगानिया, २००७मध्ये नव्या पद्धतीकडे वळला. ज्यांचे कारखाने तगले, त्यांतले बरेच सामूहिक राहिले. हात्झेरिम त्यांतलाच. ठिबक सिंचनाची नेटाफिम १९६५मध्ये तिथेच सुरू झाली, आणि तिच्या नळ्या आपल्याकडच्या उसातही पोचल्या आहेत.

आणखी एक गल्लत नेहमी होते. मुलांनी रात्री आईवडिलांपासून वेगळं, बालगृहात झोपायची पद्धत नव्या किबुत्झांनी मोडली, असं अनेकांना वाटतं. ती १९९०च्या दशकापर्यंत सामूहिक किबुत्झांतूनही गेली होती, आणि त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत आया पुढे होत्या.