सरासरी गाठली म्हणजे पाऊस पुरेसा झाला?

‘जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस झालाय, मग दुष्काळाची ओरड कशाला?’ हा सवाल वर्षानुवर्षं फिरतोय. त्यामागचा समजच चुकीचा आहे.

जिल्ह्याचा पाऊस सरासरीच्या १९ टक्के खाली-वर असला, तरी हवामान खातं तो ‘सामान्य’ धरतं. यातून एकूण बेरीज कळते, आकड्यांमधली तफावत नाही.

चार आठवड्यांचा हिशेब मांडून बघा. एका गावात दर आठवड्याला ५० मिमी. दुसऱ्या गावात पहिले दोन आठवडे कोरडे, तिसऱ्यात २०, चौथ्यात १८०. बेरीज दोन्हीकडे २००, सरासरी ५०. पण सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक पहिल्या गावात शून्य, दुसऱ्यात १८०. तिथे सोयाबीनचे कोंब करपतात, दुबार पेरणी बोकांडी बसते आणि उशिरा आलेला पाऊस माती धुऊन नेतो. अशा शेतकऱ्याला सरासरी ऐकवणं हा अन्याय आहे.

जागेचंही तेच. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पाऊस पडतो, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास.

अर्थात नुसता सर्वांत मोठ्या-लहान आकड्यांतला फरकही पुरत नाही, कारण तो दोन टोकांवरच ठरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्या एका आकड्याने महिन्यातला हा फरक ताणला, पण बाकीचे दिवस कसे गेले ते त्यातून कळत नाही. त्यासाठी महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, रोजच्या नोंदी आणि सलग कोरडे दिवसच बघावे लागतात.