ऑटो-निगोशिएशन, ईथरनेटमधील

पिळलेल्या तांब्याच्या तारांवर जोडलेल्या दोन ईथरनेट (संगणकजाळे जोडण्याचे तंत्र) उपकरणांनी वेग व डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी पाठविणे म्हणजे फुल, आळीपाळीने म्हणजे हाफ) आपसांत ठरवून घेण्याची पद्धत. संगणकात तिचे नियंत्रण नेटवर्क ड्रायव्हरकडे (नेटवर्क यंत्रणा चालविणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) असते.

तिचा आरंभ सामान्यतः आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १९९५ च्या ८०२.३यू मानकापासून (प्रकरण २८) धरतात. तथापि गाभा नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीच्या ‘एनवे’ तंत्राचा असल्याने जनकत्व कंपनीकडे देणे अधिक सयुक्तिक ठरेल. एकरकमी १,००० डॉलरांत परवाना देण्याची तयारी कंपनीने १९९४ मध्ये दर्शविली होती. पुढे पेटंटे व्हर्टिकल नेटवर्क्स या कंपनीकडे व तेथून एन-डेटा या कंपनीकडे गेली. जादा स्वामित्वशुल्काची मागणी झाली. अखेर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (व्यापारस्पर्धेच्या नियामकाने) एन-डेटाला जुन्याच अटीवर परवाना देऊ करण्यास भाग पाडले.

उपकरणे सुमारे १६ मिलिसेकंदांच्या अंतराने स्पंदांचे झुबके पाठवितात. झुबक्यात ३३ स्थाने. पैकी १७ घड्याळस्पंदांची, मधली १६ माहितीची. मधल्या जागी स्पंद आला तर १, नाही तर ०. दोघांना जमणाऱ्यांपैकी अग्रक्रमाने वरचा पर्याय निवडला जातो. १०० मेगाबिट हाफ डुप्लेक्स हा १० मेगाबिट फुल डुप्लेक्सच्या वर आहे, हे बऱ्याचदा नजरेतून सुटते.

ही बोलणी फाय चिप (तारेवरचे संकेत हाताळणारी चिप) करते. ड्रायव्हर तिच्या नोंदपेटी (रजिस्टर) ४ मध्ये (गिगाबिटसाठी ९ मध्ये) आपल्या क्षमता लिहितो, नोंदपेटी ० मधून बोलणी नव्याने सुरू करतो, निकाल ५ व १० मधून काढतो आणि मॅकला (माहितीच्या चौकटी पाठविणाऱ्या-घेणाऱ्या भागाला) त्याप्रमाणे जुळवून घेतो. फसगत होते ती नोंदपेटी १ मधील जोडणीदर्शक बिटापाशी. जोडणी एकदा तुटली की वाचले जाईपर्यंत हे बिट शून्यावरच अडकून राहते. पहिले वाचन जुनी बातमी देते, दुसरे आताची. म्हणून दोनदा वाचण्याचा प्रघात आहे. ठरावीक काळाने पाहणी करणारा लिनक्सचा फायलिब (फाय चिपा हाताळणारा सॉफ्टवेअर-संच) मात्र जोडणी चालू असताना मुद्दाम एकदाच वाचतो, अन्यथा क्षणभराची तूट त्याला दिसणारच नाही.

एका टोकाला १०० फुल हाताने बांधून बोलणी बंद केल्यास दुसरे टोक वेग ओळखते, डुप्लेक्स नाही. नियमानुसार ते हाफ धरते. पिंग (छोटा चाचणी संदेश) चालतो, पण मोठी फाइल पाठवताच रखडते आणि हाफच्या बाजूला ‘लेट कोलिजन’चा (उशिरा झालेल्या टकरींचा) आकडा चढू लागतो. १९९९ च्या १०००बेस-टी मानकात बोलणी सक्तीची आहे, कारण मास्टर (घड्याळ देणारे टोक) व स्लेव्ह (त्यामागे चालणारे टोक) कोण हेही तीतच ठरते.

प्रकाशतंतूसाठी ८०२.३ मानकाचे प्रकरण ३७ व बॅकप्लेनसाठी (यंत्रातील पट्ट्या जोडणाऱ्या फलकासाठी) प्रकरण ७३ पाहावे लागते.