दोन हात लांबची माया

चवथीच्या दिवसांत डिचोलीच्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत भावाने पर्वरीहून आपली बॉर्डर कॉली, म्हणजे मेंढ्या वळवणाऱ्या जातीची कुत्री, आणली. सात वर्षांच्या भाचीने धावत जाऊन तिच्या गळ्यात हात टाकले. कुत्री गुरगुरली नाही. तिने मान फिरवली, ओठांवरून जीभ फिरवली, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागला. मिठी सैल होताच ती उठली आणि उंबरठ्यापाशी जाऊन बसली. भाची रडवेली झाली, "मामा, तिला मी आवडत नाही का?"

या प्रश्नाचं उत्तर इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या डोंगरउतारांवर आहे, जिथे ही जात घडली. तिथल्या मेंढ्या मोकळ्या रानात चरतात. मेंढपाळ एका जागी उभा राहून शीळ घालतो आणि शेकडो मीटर लांब गेलेला कुत्रा ती ऐकून कळपाला वळसा घालतो. कॉली मेंढ्यांना भुंकून हाकत नाही, ती दबा धरून रोखून पाहते. हे मूळ शिकाऱ्याचंच वागणं: नजर लावणं, दबकत जाणं, पाठलाग करणं. पुढचा चावा आणि मारणं माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून मागे पाडलं. एका मेंढीचा कान हलला तरी टिपणारं, जरा अंतर घटलं की सावध होणारं कुत्रं मेंढपाळाला हवं होतं. कुशीत शिरणारं कुत्रं त्याच्या काय कामाचं?

१८७३ मध्ये वेल्समधल्या बाला इथे अशा कुत्र्यांची ब्रिटनमधली पहिली नोंदलेली स्पर्धा झाली. १८९३ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे 'ओल्ड हेम्प' नावाचा कुत्रा जन्मला. बाप रॉय मोकळ्या स्वभावाचा, आई मेग बुजरी पण नजरेने जबर. हेम्पमध्ये दोन्ही उतरलं. त्याची सुमारे दोनशे पिल्लं झाली आणि आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींची वंशावळ त्याच्यापाशी जाऊन पोचते. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटीनेही कुत्रा जोखला तो कामावरून. मला तर वाटतं, भाचीला दिसलेला तो बुजरेपणा मेगचाच असावा.

ऑस्ट्रेलियन कॅटल डॉगची गोष्ट आणखी खडतर. न्यू साउथ वेल्समध्ये १८४० च्या सुमारास थॉमस हॉल यांनी इंग्लंडहून आणलेल्या कुत्र्यांचा डिंगो या तिथल्या रानटी कुत्र्याशी संकर केला. गुरांच्या टाचेला चावा घ्यायचा आणि लाथ येण्याआधी खाली झुकायचं, हेच त्यांचं काम. अशा कुत्र्याच्या अंगावर वरून अचानक हात आले तर तो दचकणारच.

आपल्याकडे गुरं वळवतो तो गुराखी, हाकेने आणि काठीने. कुत्रं असतं ते राखणीला, म्हणून ते गुरांत, माणसांत मिसळून पडून राहतं. राखणदार आणि हाकणारा, दोघेही 'मेंढपाळाचे कुत्रे' म्हटले जातात, पण त्यांची जडणघडण अगदी वेगळी.

मिठी ही मुळात माणसाची, माकडांची रीत. कुत्र्याला ती जखडल्यासारखी वाटू शकते. त्यात गोव्याचा दमट उकाडा आणि अंगावर दुहेरी केसांचं पांघरूण. तरी जातीवरून सगळं ठरवू नये. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के जातीमुळे असल्याचं दिसलं. मांडीवर लोळणाऱ्या कॉलीही असतात.

आमची तशी नव्हती. भाचीला मी सांगितलं, तिच्याजवळ जाऊ नकोस, नुसती बस, ती आली तर छातीखाली खाजव. पहिल्या दिवशी ती आली नाही. पण भाची मागीलदारी गेली की ती उठायची आणि दोन हात अंतर ठेवून मागोमाग जायची. पोर घरात परतली की पुन्हा उंबरठ्यावर.