महाविद्यालयीन मानसिक आरोग्यसेवा : ऑनलाइन व प्रत्यक्ष (सोलापूर)

ताण, चिंता, नैराश्य, व्यसन, परीक्षेची भीती किंवा नातेसंबंधांतील पेच यांसाठी महाविद्यालयीन विद्यार्थी घेत असलेले समुपदेशन व मानसोपचार. तज्ज्ञाची समोरासमोर भेट घेऊन मिळणारी ती प्रत्यक्ष सेवा, तर व्हिडिओ कॉल, चॅट वा मोबाइल ॲपवरून मिळणारी ती ऑनलाइन सेवा होय. हेल्पलाइन ही मुळात दूरध्वनी सेवा असली, तरी सोयीसाठी ती येथे ऑनलाइन गटात धरली आहे.

ऑनलाइन सेवेच्या आरंभाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही जण तो अमेरिकेतील नेब्रास्का येथे १९५९ च्या सुमारास द्विमार्गी दूरचित्रवाणीवरून झालेल्या मानसोपचाराच्या प्रयोगांपर्यंत मागे नेतात. काही जण १९७२ मध्ये अर्पानेट या संगणकजालावर घडलेल्या ‘रुग्ण-डॉक्टर’ संवादाचा दाखला देतात. परंतु त्या संवादातील रुग्ण (पॅरी) आणि डॉक्टर हे दोन्ही संगणकीय प्रोग्रॅम होते, सल्ला मागणारे माणूस त्यात कोणीच नव्हते. त्यामुळे तंत्रज्ञानाच्या इतिहासात त्याला स्थान असले, तरी त्यास आरोग्यसेवा म्हणणे ओढूनताणून होईल. विद्यार्थ्यांपुरता विचार केल्यास कॉर्नेल विद्यापीठाने १९८६ मध्ये सुरू केलेली ‘आस्क अंकल एझ्रा’ ही प्रश्नोत्तर सेवा हा आरंभ अधिक ग्राह्य ठरतो. नाव न सांगता लेखी प्रश्न विचारायचा आणि उत्तर सर्वांना वाचता यावे अशा रीतीने मिळवायचे, ही तिची पद्धत होती.

भारतात प्रत्यक्ष समुपदेशन मनोरुग्णालयांतून महाविद्यालयांत आले, असे सर्रास गृहीत धरले जाते. उपलब्ध तपशील मात्र व्यवसाय-मार्गदर्शनाकडे बोट दाखवतात. कोलकाता विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागात १९३८ च्या सुमारास असे मार्गदर्शन सुरू झाले, आणि पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिक्षणात मार्गदर्शन व समुपदेशनाची शिफारस केली. अनेक महाविद्यालयांत करिअर मार्गदर्शन आणि समुपदेशन ही दोन्ही कामे आजही एकाच प्राध्यापकाच्या गळ्यात पडतात, ती बहुधा याच वारशामुळे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यानंतरचा, १९८२ चा. कर्नाटकातील बळ्ळारीच्या प्रयोगावर आधारलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासूनचा आहे.

सोलापुरातील उच्च शिक्षण १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालेल्या आणि २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव असलेल्या विद्यापीठाच्या छत्राखाली चालते. एकाच जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असल्याने बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा येथील मुले एसटीने रोज ये-जा करतात किंवा शहरात खोली करून राहतात. १९६३ मध्ये सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले सर्वोपचार रुग्णालय (बोलीत ‘सिव्हिल’) हा प्रत्यक्ष उपचारांचा मुख्य सार्वजनिक आधार आहे. तेथे केस पेपर काढून रांगेत बसावे लागते. गावाकडचे कोणी भेटेल, ही धास्ती मुलांना खर्चापेक्षा जास्त अडवते.

ऑनलाइन सेवेने ही धास्ती टळते, पण दुसरी अडचण उभी राहते. शहराच्या ‘पूर्व भागा’त, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, राहते घर आणि यंत्रमाग पुष्कळदा एकाच छपराखाली असतात. तेथील विद्यार्थिनीला व्हिडिओ कॉलसाठी माग बंद होण्याची वाट पाहावी लागते. आणि तो बंद झाला की तिचे बोलणे घरभर ऐकू जाते. रूमवर राहणाऱ्या मुलांना गच्ची गाठावी लागते. अशा वेळी चॅट सोयीचे वाटते, मात्र भाषेचा प्रश्न राहतोच. घरी तेलुगू, कन्नड वा दखनी बोलणारी आणि कॉलेजात मराठी बोलणारी मुले दुःख घरच्या भाषेत सांगतात, असा समुपदेशकांचा अनुभव आहे. इंग्रजी ॲप त्यांना तोकडेच पडते. या दृष्टीने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही केंद्र शासनाची निःशुल्क सेवा (क्रमांक १४४१६) अधिक उपयुक्त ठरावी. ती अहोरात्र चालते, तिची शिखर संस्था बंगळुरूची निम्हान्स (राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था) आहे आणि तीत भारतीय भाषांतून बोलता येते.

या दोन सेवांना परस्परांचे पर्याय मानण्याचा प्रघात मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. सौम्य ते मध्यम चिंता व नैराश्य यांत तज्ज्ञाच्या मार्गदर्शनासह दिलेले ऑनलाइन वर्तनोपचार प्रत्यक्ष उपचारांच्या जवळपास परिणामकारक ठरतात, असे बरेच अभ्यास दर्शवितात. मार्गदर्शनाविना ॲप वापरणारे बहुतेक जण ते मध्येच सोडतात. तीव्र आजारात किंवा आत्महत्येचा धोका असता प्रत्यक्ष तपासणीच श्रेयस्कर. औषधांबाबत २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक (टेलिमेडिसिन) मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही औषधे पहिल्या सल्ल्यात केवळ व्हिडिओद्वारेच लिहून देता येतात, तर अनुसूची एक्समधील (कडक नियंत्रणाखालील औषधांच्या कायदेशीर यादीतील) औषधे दूरसल्ल्याने मुळीच देता येत नाहीत. समुपदेशकाला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. ही साधी बाब विद्यार्थ्यांना पुष्कळदा ठाऊक नसते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण (२०१५–१६) बारा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यात प्रौढांतील मानसिक विकारांचे तत्कालीन प्रमाण १०.६ टक्के आढळले, परंतु तो आकडा सोलापूरच्या विद्यार्थ्यांना जसाच्या तसा लावणे धाडसाचे होईल. आठ देशांतील १९ महाविद्यालयांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रथम वर्षाच्या सुमारे ३५ टक्के विद्यार्थ्यांत आयुष्यात केव्हा ना केव्हा एखाद्या विकाराची लक्षणे दिसली. त्या देशांत भारत नव्हता.

गोपनीयतेचा हक्क मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने दिला आहे. जीवितास धोका असल्यास त्याला अपवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडून विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवावयाचे आहे.