पोहे, चहा आणि दिवसभराची मरगळ

माझी भाची २३ वर्षांची. इंदूरला भंवरकुआजवळ स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाते. सकाळी उठते तीच दमलेली. तिच्या आजीचं, म्हणजे माझ्या आईचं निदान तयार असतं: "रात्री मोबाइल, दिवसा आळस." भाचीचं म्हणणं, "मावशी, दोन जिने चढले तरी दम लागतो गं." मी बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे या खटल्यात न मागता न्यायाधीश झाले.

आधी आजीची बाजू. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडेनोसिन नावाचा रेणू साठत जातो. तो साठेल तशी पेंग वाढते आणि झोपेत त्याचा उपसा होतो. चहातलं कॅफिन नेमकं अॅडेनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं. थकवा तिथेच असतो, फक्त त्याचा निरोप पोचत नाही. रक्तातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात. संध्याकाळी ७ला घेतलेल्या कडक चहाचा अर्धा कप रात्री १२ला अंगात आहे असं समजा.

पण 'लवकर झोपत जा' हे सांगणं जितकं सोपं, तितकं या वयात ते जमणं सोपं नाही. किशोरवयापासून शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकत जातं, विशीच्या आसपास अगदी टोकाला पोचतं आणि मग हळूहळू मागे येतं. हिवाळ्यात मध्यरात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खात उभी असलेली पोरं सगळीच काही बिघडलेली नसतात. त्यात इंदूरची एक गंमत आहे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि इंदूर ७५.९ अंशांच्या आसपास. त्यामुळे इथला सूर्य घड्याळापेक्षा जवळजवळ २६ मिनिटं मागे चालतो. जानेवारीत तो उगवतोच ७ वाजून गेल्यावर. शरीराचं घड्याळ लावतो सकाळचा उजेड, आणि ७च्या क्लासला निघालेल्या पोरीला नेमका तोच मिळत नाही.

"मला सहा तास पुरतात," असं भाची ठणकावून सांगते. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज ६ तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. त्यांचं लक्ष आणि स्मरण इतकं घसरलं, की काहींची अवस्था दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसासारखी झाली. आणि त्यांना स्वतःला ते फारसं जाणवतच नव्हतं. तेव्हा 'पुरतात' या साक्षीला माझ्या कोर्टात किंमत नाही.

आता भाचीची बाजू, आणि ती जास्त वजनदार निघाली. तिनं कुठल्याशा शिबिरात हिमोग्लोबिन तपासलं होतं: १२.१. बायकांसाठी १२च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात, त्यामुळे "सगळं ठीक" असं सांगून तिला घरी पाठवलं. पण लोहाच्या हिशेबात हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या खर्चाला हाताशी असलेले पैसे. शिल्लक किती हे फेरिटिनच्या, म्हणजे लोह साठवून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या, तपासणीत कळतं. तंगी आली की शरीर आधी शिल्लक मोडतं, हिमोग्लोबिन शेवटी घसरतं. भाचीचं फेरिटिन ९ निघालं. १५च्या खाली म्हणजे गल्ल्यात खडखडाट. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेलाही लोह लागतं, म्हणून रक्तक्षय नसतानाही गळून गेल्यासारखं वाटू शकतं. अशा बायकांना लोह दिल्यावर थकवा कमी झाल्याचं चाचण्यांमध्ये दिसलेलं आहे.

शिल्लक जाते कुठे? एका पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं आणि १ मिली रक्ताबरोबर अर्धा मिलिग्रॅम लोह. म्हणजे महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम. अन्नातून रोज अंगी लागतं ते जेमतेम १-२ मिलिग्रॅम, तेही जेवण बरं असेल तर. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता, तो काही आळसानं झालेला नाही. पुरुषांमध्येही हा आकडा २५ टक्के होता.

आणि इथे आपल्या लाडक्या नाश्त्याची चौकशी करावी लागते. वाफेवर ठेवलेले पोहे, वर शेव, जीरावन मसाला, लिंबू, आणि लगेच कटिंग चहा. पोह्यांतलं लोह वनस्पतीजन्य, मुळातच कमी शोषलं जाणारं. चहातली टॅनिनं आतड्यात त्याला धरून बसतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. उलट लिंबातलं क जीवनसत्त्व तेच लोह सहज शोषलं जाईल अशा रूपात आणतं. म्हणजे एकाच प्लेटीवर लिंबू कमावतं आणि चहा उधळतो. लिंबू पिळायचं ते पोहे उतरवल्यावर, कारण उष्णतेनं क जीवनसत्त्व जातं. चहा तासाभरानं.

अर्थात फेरिटिन ९वरून नुसत्या लिंबानं चढत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या काही महिने घ्यायच्या आहेत. मनानं मात्र लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत, विशेषतः मुलग्यांनी, ज्यांचं लोह पाळीतून जात नाही: जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. शाकाहारी घरात बी-१२ही बघावं, थायरॉइड बघावं. मन उदास असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. नैराश्य पुष्कळदा थकव्याचाच मुखवटा घालून येतं. वजन उतरणं, बारीक ताप, धडधड असेल तर वाट पाहू नये.

व्यायामाचं नाव काढलं की भाची डोळे वटारते. पण २००८चा एक छोटा प्रयोग नेमका तिच्यासारख्यांवर आहे: सतत थकवा असलेले, बैठ्या सवयीचे ३६ तरुण. ६ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस, २०-२० मिनिटं सायकल. उत्साह २० टक्क्यांनी वाढला. थकवा सर्वांत कमी झाला तो जोरात नव्हे, हलक्या गतीनं सायकल चालवणाऱ्यांचा. प्रयोग लहान आहे, पण रमतगमत चालायला कुणाची परवानगी लागत नाही.

क्लासची बॅच तिनं १०ची करून घेतली. भांडण उरलं ते एकच. पोहे झाल्यावर चहा न देणं म्हणजे आईच्या मते पाहुण्याला दारातून परत पाठवणं. आता ती घड्याळ समोर ठेवून बसते आणि बरोबर साठाव्या मिनिटाला आधण ठेवते.